जुन्या पद्मिनीचं इलेक्ट्रिकल काम: या चुका टाळा

पद्मिनीचा, म्हणजे जुन्या प्रीमियर फियाट गाडीचा, सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) रडत फिरला की पहिला बळी बॅटरीचा जातो. नवीन बॅटरी येते, दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून त्यातले झिजणारे भाग, कार्बन (ब्रश) आणि बुश, बदलतात. दोन्ही बिलं भरून झाली तरी दोष जागच्या जागी, कारण इंजिन ते बॉडी जाणारी अर्थची पट्टी कोणी पाहिलेलीच नसते.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो. तो करंट बॅटरीकडे परतायचा रस्ता म्हणजे ही विणलेली पट्टी. ती तुटली, गंजली किंवा इंजिन उतरवल्यावर परत लावायची राहिली, की करंट दुसरी वाट शोधतो आणि बहुतेक वेळा ती चोकच्या केबलमधून निघते. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली किंवा धुरकटली, तर निदान तिथेच झालं.

मोजायचं असेल तर कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) इग्निशनकडून येणारी वायर काढून टेप गुंडाळा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशावर), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.5 व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब. मग तेच क्लॅम्पपर्यंत, बॉडीपर्यंत, इंजिनपर्यंत असं तुकड्यातुकड्याने मोजा. जिथे आकडा उडी मारेल तिथे पॉलिश पेपर चालवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पाच मिनिटं थांबायची तयारी नसते, म्हणून लोक पाच हजारांची बॅटरी घेतात.

रंगकाम होऊन आलेल्या गाडीत तर हा दोष हमखास. बोल्टखाली रंग गेला की अर्थ गेला. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो, टेललाइट भलत्याच वेळी लुकलुकतो, आणि मालक स्विच बदलत बसतो. बोल्टखालचा रंग खरवडा, घट्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा.

दुसरी खोड त्याहून वाईट. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) चार्जिंग करतोय का पाहायला गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढतात. "गाडी बंद नाही पडली, म्हणजे अल्टरनेटर ओके!" हे अजूनही चालतं. बॅटरी व्होल्टेजचे उसळे शोषते. ती काढली की उसळा थेट अल्टरनेटरमधल्या डायोडवर (एसीचा डीसी करणारे भाग) जातो आणि धडधाकट अल्टरनेटर तपासणीतच मरतो. गाडी बंद असताना बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट, रेस दिल्यावर 13.8 ते 14.4, एवढं मीटरवर दिसलं की पुरे. अल्टरनेटरऐवजी जुना डायनामो असलेली गाडी असेल तर आयडलिंगला चार्जिंगचा दिवा लुकलुकणं हा दोष नाही, डायनामोचा स्वभाव आहे.

जळालेल्या फ्यूजला चांदी (सिगारेटच्या पाकिटातला चमकदार कागद) किंवा तार गुंडाळू नका. फियाटच्या टोकदार फ्यूजमध्ये पांढरा 8 अँपिअरचा, लाल 16 चा. जळाला तर कारण शोधा, आणि फ्यूज चांगला असून लाइन मेली असेल तर फ्यूजची टोकं आणि क्लिप घासा.

हेडलाइटला 100/90 वॉटचे बल्ब रिलेशिवाय (मोठा करंट स्वतःमधून नेणारा वेगळा स्विच) लावू नका. दोन बल्ब मिळून सोळा-सतरा अँपिअर ओढतात आणि ते मूळ स्विचमधून जातात. स्विच वितळतो. दुसरा स्विच शोधायला किती फिरावं लागतं, ते शोधणाऱ्यालाच ठाऊक.

डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट तोडणारे संपर्क, वारंवार जळत असतील तर आधी त्यांची ठिणगी शोषणारा कंडेन्सर बदला, मग कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स मोजा. सुमारे 3 ओम हवा. 1.5 ओमची कॉइल बॅलास्टशिवाय (करंट कमी करणारा रेझिस्टर) लावली असेल तर नवे पॉइंटही टिकणार नाहीत.

पार्टचं म्हणाल तर "पद्मिनीचा डिस्ट्रिब्युटर कॅप द्या" एवढं सांगून दुकानात जाऊ नका. जुना तुकडा खिशात घेऊन जा आणि त्यावरचा कोरलेला नंबर दाखवा. टॅक्सीवाल्यांमुळे मुंबईत माल फिरत असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा आता कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउस, पुण्यात नाना पेठ असं पायी फिरायची तयारी ठेवा. सेल्फ, डायनामो, वायपर मोटर जुनी मिळाली तरी घ्या, कार्बन आणि बुश घालून चालते. कंडेन्सर मात्र वीस वर्षं डब्यात पडलेला, कितीही "ओरिजिनल" असला तरी, घेऊ नका. न वापरताही तो आतून उतरलेला असतो. रोटर आणि कॅप उन्हात धरून बारीक तडे बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.