ग्राफिक्स कार्डाच्या कंपन्या आणि पडद्याची मानके : गुंतवणुकीआधी काय तपासावे

ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या पट्टीवर कोणता पोर्ट आहे एवढ्यावरून त्या कंपनीचा शेअर घ्यावा की नाही हे ठरत नाही. परंतु त्या पोर्टमागचा पैसा कोणाच्या खिशात जातो हे उमगल्याशिवाय 'नवे मानक आले, आता मागणी वाढणार' अशा बातमीवर पैसे लावणे म्हणजे निव्वळ जुगार आहे. ही तपासणी कशी करावी हे शिकण्यासाठी १९९८ ते २००० या काळाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

त्या वेळी सपाट पडदे नुकतेच टेबलांवर येऊ लागले होते आणि त्यांना संगणकाशी जोडण्याच्या चार पद्धती एकमेकींशी झगडत होत्या. पडद्यांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेचे 'प्लग अँड डिस्प्ले' १९९७ मध्ये आले. त्यानंतर २० पिनांचे, आटोपशीर 'डीएफपी' आले. सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या १६००एसडब्ल्यू या पडद्यासाठी 'ओपनएलडीआय'ची वाट धरली. आणि इंटेल, कॉम्पॅक, फुजित्सू, एचपी, आयबीएम, एनईसी व सिलिकॉन इमेज यांच्या गटाने २ एप्रिल १९९९ रोजी 'डीव्हीआय'ची पहिली आवृत्ती जाहीर केली.

पहिली तपासणी कागद-पेन्सिलीची आहे, आणि बहुतेक गुंतवणूकदार नेमकी तीच टाळतात. पडद्याची रुंदी, उंची आणि सेकंदाला किती वेळा चित्र उमटते, यांचा गुणाकार करावा. १२८० × १०२४ × ६० म्हणजे सुमारे ७.९ कोटी बिंदू. डीएफपीची धाव येथेच संपत होती. १६०० × १२०० × ६० म्हणजे सुमारे ११.५ कोटी बिंदू; दोन चित्रांमधला रिकामा वेळ धरला की बिंदू पाठवण्याचा वेग, म्हणजे घड्याळ, १६२ मेगाहर्ट्झवर (सेकंदाला १६.२ कोटी) जाते, आणि डीव्हीआयच्या एका दुव्याची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ होती. त्याखेरीज डीव्हीआयला दुसरा दुवा जोडण्याची सोय होती. पोर्ट जवळून पाहिला तर आणखी एक खुबी दिसते : २४ भोकांच्या शेजारी एक चपटी खाच असते आणि तिच्याभोवती चार भोके असली, तर त्याच तोंडातून जुना ॲनालॉग संकेतही बाहेर पडतो. ग्राहकाला जुना पडदा फेकावा लागत नव्हता. हा गुणाकार ज्याने त्या काळी केला असता, त्याला डीएफपीच्या भरवशावर कोणाचाही शेअर घ्यावासा वाटला नसता.

दुसरी तपासणी खिशांची. चिप बनवणारा, कार्ड जुळवणारा आणि संकेत पाठवणारा भाग किंवा परवाना विकणारा असे तीन वेगळे धंदे या एका पट्टीमागे असतात. वरच्या चारांपैकी ओपनएलडीआय वगळता तिन्ही पद्धती सिलिकॉन इमेजच्याच टीएमडीएस या अंकी संकेत पाठवण्याच्या तंत्रावर उभ्या होत्या, म्हणजे त्या तिघींतली कोणतीही जिंकली तरी ऑक्टोबर १९९९ मध्ये बाजारात उतरलेल्या या कंपनीचा माल खपणार होता. पण येथेच सावध व्हावे. संकेत पाठवण्याचे काम करणारी वेगळी चिप आधी कार्डावर बसवली जात असे. काही वर्षांतच ते काम ग्राफिक्स चिपच्या पोटात गेले. म्हणून 'हा भाग वेगळा किती वर्षे राहील?' हा प्रश्न 'कोण जिंकेल?' या प्रश्नाहून मोलाचा आहे, असे माझे मत आहे.

याउलट उदाहरण नंबर नाईन या कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे. सिलिकॉन ग्राफिक्सचा तो देखणा, १६०० × १०२४ बिंदूंचा पडदा चालवणारे खास कार्ड तिने काढले, परंतु ते तोंड दुसऱ्या कोणत्याही लोकप्रिय पडद्याला उपयोगी नव्हते. केवळ त्यामुळे नव्हे, पण लवकरच तिचा कारभार गुंडाळला गेला. कंपनीची भिस्त अशी मोजक्यांवरच आहे का, हे अहवालातून कळू शकते : वार्षिक अहवालात, एकूण विक्रीच्या १० टक्के किंवा अधिक माल उचलणाऱ्या ग्राहकांचा उल्लेख अमेरिकी कंपन्यांना करावा लागतो. तो परिच्छेद आधी वाचावा.

तिसरी तपासणी नातेसंबंधांची, आणि तिचा पडद्याशी फारसा संबंध नाही. थ्रीडीएफएक्स आपल्या चिपा इतर कार्डवाल्यांना विकत असे. डिसेंबर १९९८ मध्ये तिने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी घेण्याचे जाहीर केले, म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकांच्या समोर दुकान थाटले. ती गिऱ्हाइके अर्थातच दुसरीकडे वळली, आणि दोन वर्षांनी, डिसेंबर २००० मध्ये, तिची मुख्य मालमत्ता एनव्हिडियाने घेण्याचे ठरले.

आज चिपांच्या बाजूला एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल आहेत. कार्ड जुळवणाऱ्या आसुस, गिगाबाइट आणि एमएसआय या कंपन्या तैवानच्या बाजारात नोंदलेल्या आहेत. तेथे प्रत्येक महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जाहीर होते, त्यामुळे तिमाही निकालांची वाट पाहावी लागत नाही. तिच्या जोडीला दुकानदारांकडे पडून असलेल्या मालाविषयी व्यवस्थापन काय बोलते तेही पाहावे : ग्राफिक्स कार्डांवर आभासी चलन कमावण्याची लाट ओसरल्यावर एनव्हिडियाचा असा माल दुकानदारांकडे साचला, आणि २८ जानेवारी २०१९ रोजी तिने त्या तिमाहीच्या विक्रीचा अंदाज २७० कोटी डॉलरवरून २२० कोटींवर आणला.

शेवटी मानकांच्या मुदतींविषयी. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या उत्पादकांनी पडदा जोडण्याचे जुने ॲनालॉग तोंड, व्हीजीए, २०१५ पर्यंत निरोप घेईल असे सांगितले होते. ती घोषणा आपल्या हिशेबाच्या तक्त्यात जशीच्या तशी उतरवण्याआधी एखाद्या सरकारी कार्यालयाच्या सभागृहात जाऊन प्रोजेक्टरच्या मागे डोकवावे; दोन्ही बाजूंच्या स्क्रूंनी घट्ट आवळलेले ते निळे तोंड अजूनही तेथे सापडण्याची शक्यता बरीच आहे.