काळ्या मातीतला सायकस

परभणीत माझ्या दारातला सायकस, म्हणजे ताडासारख्या पानांचं शोभेचं झाड, बघून बरेच जण विचारतात, आमचा का जळतो? उन्हाने क्वचितच जळतो. काळ्या मातीत पावसाळाभर पाणी साचतं आणि बुंधा आतून कुजतो, तेच खरं कारण.

पण आधी ओळख, कारण नर्सरीत सायकस म्हणून काहीही हाती देतात. पान उलटं करून बघा. प्रत्येक पातीला मधोमध एकच शीर, तिला फाटे नाहीत, कडा खाली मुडपलेल्या आणि टोक बोटाला टोचणारं, तर तो जपानकडचा सायकस रेव्होल्युटा. शीर तशीच, पण कडा सपाट, पानं लांब आणि झुकलेली, तर बहुधा सर्सिनॅलिस. तो आपल्या पश्चिम घाटातला आणि आता धोक्यात आलेला, म्हणून बियांपासून वाढवलेलंच रोप घ्या. मधली शीर नाहीच आणि पाती जाड, खरखरीत, तर तो मेक्सिकोचा झामिया. मराठवाड्याच्या उन्हात मी रेव्होल्युटाच लावायला सांगते. सर्सिनॅलिसला मे महिन्यात दुपारची सावली लागते.

लावताना वीतभर उंच ओटा करा. निम्मा जाडा मुरूम, उरलेल्यात काळी माती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. खोडाचा गड्डा बराचसा मातीच्या वर राहू द्या. माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. मातीच्या वर पोवळ्यासारखी गुठळ्यांची मुळं दिसली तर कापू नका. त्यांत नीलहरित शैवाल राहतं आणि झाडाला नत्र पुरवतं.

खरी राखण नवी पानं फुटताना. सगळी एकदम वर येतात, पाती गुंडाळलेल्या आणि लुसलुशीत. नेमकं तेव्हाच एक छोटं निळसर फुलपाखरू तिथं अंडी घालतं. अळी पानाच्याच रंगाची, सहज दिसत नाही. पण कोंबावर मुंग्यांची ये-जा दिसली की तिथंच बघा, मुंग्या अळीच्या अंगावरच फिरत असतात. सकाळ-संध्याकाळ अळ्या वेचा, निंबोळी अर्क फवारा. दोन दिवस दुर्लक्ष झालं तर नुसते दांडे उरतात आणि पुढच्या फुटव्यापर्यंत झाड तसंच बोडकं राहतं. पानं कडक झाली की अळी त्यांच्या वाटेला जात नाही.

जुनी पानं पिवळी पडली तर मॅग्नेशियम कमी. एप्सम मीठ द्या. नवीच पानं आकसून, करपल्यासारखी आली तर मात्र मँगनीजची उणीव. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते झाडाला मिळत नाही. तिथं एप्समचा उपयोग नाही, मँगनीज सल्फेट फवारा.

बुंध्याची पिलं थंडी सरताना काढा, पानं छाटा, जखम सावलीत सुकवा, मग वाळूत लावा.

आणि हे झाड विषारी आहे. शेंदरी बिया तर फारच. कुत्र्याने खाल्ल्या तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. लगेच डॉक्टरकडे न्या. आमच्या गल्लीत शेळ्या मोकळ्या फिरतात, म्हणून मी सायकस फाटकाच्या आत लावलाय आणि बिया धरल्या की लहान मुलांच्या हाती लागायच्या आत काढून टाकते.