बातमीत ‘अलेज्ड’ लिहिताना या चुका टाळा

इंग्रजी बातमी लिहायला लागलेली बरीच मुलं ‘अलेज्ड’ (म्हणजे कथित, आरोप असलेला) हा शब्द सुटकेसाठी वापरतात. शब्द टाकला की अब्रुनुकसानीची भीती गेली, असा समज आहे. तो धोकादायक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध करणाराही येतो. आरोप मुळात दुसऱ्याने केला होता, एवढ्यावर सुटका होत नाही. न्यायालयातल्या कामकाजाच्या खऱ्या वृत्तान्ताला मात्र त्याच कलमात अपवाद आहे. म्हणून आधाराला कागद हवा, विशेषण नव्हे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आरोप कुणाचा, हे न सांगणं. ‘कारकुनाने अलेजेडली लाच घेतली’ या वाक्यात आरोप करणाराच दिसत नाही. तक्रारदार म्हणतो, पोलीस म्हणतात, की वार्ताहराचा अंदाज? आपल्या मराठी गुन्हेवार्तेतलं ‘फिर्यादीत म्हटले आहे’ हे जुनं वळण इथे फार उपयोगी आहे. इंग्रजीतही तसंच लिहा: ‘अकॉर्डिंग टू द एफआयआर’. बहुतेक वेळा मग ‘अलेज्ड’ची गरजच उरत नाही.

आधार न दिल्याने काय होतं, हे अमेरिकेत अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी दिसलं. २७ जुलै १९९६ रोजी तिथल्या उद्यानात बॉम्बस्फोट झाला. बेवारस बॅग हेरून लोकांना दूर करायला मदत करणारा सुरक्षारक्षक रिचर्ड ज्युएल आधी वीर ठरला. तीनच दिवसांत तिथल्या दैनिकाने एफबीआयचा संशय त्याच्यावरच असल्याची बातमी छापली. मुख्य दावा कुणाच्याही हवाल्याशिवाय, वर्तमानपत्राच्याच आवाजात केला होता. ज्युएलवर कधीच आरोप ठेवला गेला नाही. ऑक्टोबरमध्ये सरकारी वकिलांनी तो तपासाचे लक्ष्य नसल्याचं पत्र दिलं आणि २००५ मध्ये एरिक रुडॉल्फने गुन्हा कबूल केला. जुलै ते ऑक्टोबर या मधल्या आठवड्यांत ज्युएलचं आणि त्याच्या आईचं जगणं कॅमेऱ्यांनी वेढलेलं होतं.

दुसरी चूक रोजची आहे. ट्रक दुभाजकावर चढलेला आहे, जखमी रुग्णालयात आहेत, तरी बातमीत ‘अलेज्ड ॲक्सिडेंट’! अपघात झालाच आहे. दोष कुणाचा, एवढंच ठरायचं आहे. शंका तेवढ्याच भागाला लावा. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिकाही हेच बजावते: घटना घडल्याचं नक्की असेल आणि वाद फक्त सहभागाचा असेल, तर घटनेला ‘अलेज्ड’ म्हणू नये.

‘अक्यूज्ड ऑफ अलेजेडली’ ही द्विरुक्ती आहे, एक शब्द काढा. ‘अरेस्टेड फॉर मर्डर’मध्ये खून त्यानेच केल्याचा सूर येतो, ‘ऑन सस्पिशन ऑफ’ (संशयावरून) बरं. आपल्याकडे गुन्हा दाखल झाला की लगेच ‘चार्ज्ड’ लिहितात, पण आरोपनिश्चिती न्यायालय करतं आणि ती बरीच नंतर होते.

‘अलेज्ड व्हिक्टिम’ तर शक्यतो लिहूच नका. हे वाचताना तक्रार करणारी बाई खोटं बोलत असावी, असं वाटून जातं. ‘कम्प्लेनंट’ (तक्रारदार) हा शब्द कुणाचीच बाजू घेत नाही.

न्यायालयाने दोषी ठरवल्यावर ‘अलेज्ड’ काढून टाका. अपील केलेलं असेल, तर तसं वेगळ्या वाक्यात लिहा.