सांगलीचा पिनकोड ४१६४१६: मूळ अवयव हाताने कसे पाडायचे

सहा अंक पाहून २, ३, ५ ने भागत सुटू नका. ४१६ सलग दोनदा आलंय, म्हणजे ही संख्या ४१६ × १००१. आणि १००१ = ७ × ११ × १३. अर्धं काम इथेच झालं.

आता ४१६ निम्मं करत जा: २०८, १०४, ५२, २६, १३. पाच वेळा २, शेवटी १३. म्हणून ४१६४१६ = २⁵ × ७ × ११ × १३².

चूक हमखास होते ती १३ पाशी. एक १००१ मधला, दुसरा ४१६ मधला. एकच लिहिला तर गुणाकार ३२०३२ येतो. पडताळा घ्याच.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ६ × २ × २ × ३ = ७२.

पूर्ण वर्ग हवा? २, ७, ११ यांचे घातांक विषम आहेत, म्हणून १५४ ने गुणा. ६,४१,२८,०६४ येतात, म्हणजे ८००८ चा वर्ग. फार देखणं उत्तर आहे हे!

मिरजेच्या ४१६४१० ला ही युक्ती थेट लागत नाही. तो ६ ने कमी, त्यामुळे ७ ने भागल्यास बाकी १ उरते.