पाळीव उंदीर आजारी पडलाय? निदान या चुका तरी टाळा

चकलीच्या नाकाला पहिल्यांदा लाल काहीतरी दिसलं तेव्हा मी चक्क हळद लावली. उंदराच्या नाकाला. तिने दोन मिनिटांत पुढच्या पंजांनी तोंड धुऊन सगळी चाटून टाकली आणि पिवळ्या मिशा घेऊन माझ्याकडे बघत बसली, आणि मी इकडे रडकुंडीला आलेली की हिच्या नाकातून रक्त येतंय, आता ही काय जगत नाही.

ते रक्त नव्हतंच. त्याला पोर्फिरिन म्हणतात, उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते तिच्यातून पाझरतं, डोळ्यांतून आणि नाकातून बाहेर येतं आणि वाळलं की अगदी रक्तासारखं दिसतं. थोडंफार रोजच येत असतं पण धडधाकट उंदीर दिवसभर तोंड पुसत बसतो म्हणून आपल्याला दिसत नाही. दिसायला लागलं म्हणजे एकतर ते जास्त येतंय, नाहीतर पुसायचंही त्राण नाहीये, आणि दोन्हीत काहीतरी बिनसलेलं असतं. शंका असेल तर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात मारून बघा, पोर्फिरिन गुलाबी-लाल चमकतं, रक्त चमकत नाही. ओल्या कापसाने पुसा, संध्याकाळी परत बघा. झोपेतून उठल्यावर एखादा ठिपका असेल तर चालतंय, रोज दोन्ही डोळ्यांभोवती लाल चष्मा दिसत असेल तर डॉक्टर.

"सर्दी झालीय, होईल बरी"

ही चूक सगळ्यात महागात पडते. पाळीव उंदरांमध्ये मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जंतू जवळपास सगळ्यांच्याच अंगात असतो, बहुतेकदा आईकडूनच येतो, आणि तो कायमचा जात नाही. गप्प बसलेला असतो, आणि ताण, म्हातारपण, घाण हवा यातलं काही मिळालं की डोकं वर काढतो. नवीन घरी आणलेला उंदीर पहिले काही दिवस शिंकतो ते वेगळं. पण शिंकांच्या जोडीला छातीतून आवाज यायला लागला तर थांबू नका. उंदराला उचलून अंग कानाला लावा. कुरकुर, खरखर, कधी कधी तर कबुतर घुमल्यासारखा आवाज येतो. कुशी आत-बाहेर ओढल्या जातायत, मान वर करून तोंडाने हवा घेतोय, असं दिसलं तर ते "उद्या सकाळी बघू"वालं प्रकरण नाहीये, कारण उंदीर एरवी फक्त नाकानेच श्वास घेतो, तोंड उघडलं म्हणजे पाणी गळ्यापर्यंत आलंय.

आणि हे सगळं होत असताना पिंजरा कुठेय ते बघा. आमच्याकडे तो स्वयंपाकघराच्या दाराशी होता. मिरचीच्या फोडणीचा ठसका आपल्याला लागतो तर पावशेरभर जिवाला काय होत असेल! उदबत्ती, धूप, मच्छरांची कॉइल, फिनेल, अंगावर मारायचा स्प्रे, सगळं त्या खोलीतून बाहेर. खाली सुताराकडचा भुसा घालत असाल तर तोही बंद, बारीक धूळ नाकात जाते आणि पाइन-देवदारसारख्या वासाच्या लाकडाचा भुसा तर श्वासाला सरळसरळ वाईट. कागदाच्या पट्ट्या किंवा जुन्या सुती टी-शर्टचे, फ्लीसचे तुकडे घाला आणि वेळेवर बदला. लघवीतून अमोनिया तयार होतो आणि तोच अमोनिया मायकोप्लाझ्माचा त्रास वाढवतो. तुम्हाला उभ्याने वास येत नसेल, पण तो बिचारा जमिनीपासून दोन इंचावर श्वास घेतोय.

औषध देताना

इथे मी सगळ्यात जास्त गोंधळ घातलाय म्हणून जरा सविस्तर.

श्वासाच्या त्रासाला डॉक्टर बहुतेकदा डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन किंवा दोन्ही एकत्र देतात. डोस ठरतो वजनावर, मादी साधारण पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम, नर अर्धा किलोच्या आसपास, त्यामुळे "आमच्या कुत्र्याला उरलेली गोळी चतकोर दिली" हा प्रकार करूच नका. मी डोस इथे लिहिणार नाही, तो तुमच्या उंदराचं वजन बघून डॉक्टरच सांगतील.

पण डॉक्टरांनी सांगितल्यावरही चुकतं. मला ०.१५ मिली सांगितलं होतं. केमिस्टकडून इन्सुलिनची सिरिंज आणली, लाल टोपणाची, आणि १५च्या रेषेपर्यंत औषध भरलं. देणार तेवढ्यात माझा भाऊ (फार्मसीला आहे, उंदराला हात लावत नाही) म्हणाला, ताई, ही ४० युनिटची आहे, ४० युनिट म्हणजे १ मिली. म्हणजे मला हवे होते ६ युनिट आणि मी भरलं होतं अडीचपट! केशरी टोपणाची १०० युनिटची असते, तिच्यावर १५ म्हणजे ०.१५ मिली बरोबर येतं. सगळ्यात सोपं म्हणजे मिलीच्या खुणा असलेली १ मिलीची साधी सिरिंज मागा आणि सुई काढून टाका.

दुसरं, औषध कडू असतं म्हणून आपण ते दह्यात किंवा दुधात कालवतो. डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन दोन्ही कॅल्शियमला चिकटतात आणि पोटातून नीट शोषलीच जात नाहीत. आठवडाभर मी दह्यातून देत होते आणि फरक पडत नाही म्हणून औषधाला शिव्या घालत होते. केळ्याचा कुस्करा, भाताची पेज, असलं काहीतरी चालतं, पण थोडंसंच, एका घासात संपेल एवढं. पाण्याच्या बाटलीत तर टाकूच नका. कोण किती प्यायलं कळत नाही, आजारी उंदीर पाणीच कमी पितो, आणि चव बिघडली की धड असलेलाही प्यायचा थांबतो.

सिरिंजने देताना तोंडाच्या बाजूने, गालात, थेंबाथेंबाने. समोरून जोरात दाबलं तर श्वासनलिकेत जातं. टॉवेलमध्ये मोदकासारखं गुंडाळून घेतलं की पंजे मध्ये येत नाहीत, गणपतीबाप्पाचं वाहन असं मोदकात बसलेलं बघून आईला फार हसू येतं. शेपटीला धरून मात्र कधीच उचलू नका, शेपटीची साल सोलल्यासारखी निघून येते.

आणि तिसऱ्या दिवशी शिंका थांबल्या म्हणून कोर्स थांबवू नका. हे कोर्स आठवड्यांच्या हिशोबात असतात.

मान वाकडी झाली, पाय ओढतोय

"लकवा मारला" म्हणून लोक हात टेकतात. मान एका बाजूला कलली असेल, गोल गोल फिरत असेल, तर बऱ्याचदा कानाच्या आतलं इन्फेक्शन असतं आणि लवकर औषध सुरू झालं तर उंदीर बरा होतो, मान थोडी वाकडी राहिली तरी मजेत जगतो. म्हाताऱ्या मादीला पुढच्या पंजांत दाणा धरता येईनासा झाला तर मेंदूच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ असू शकते, ते वेगळं दुखणं. म्हातारे नर मागचे पाय ओढायला लागतात. तिन्हीत घरी करायचं काम एकच, वरचे मजले आणि शिड्या काढा, खाली मऊ कापड घाला, पाणी आणि खाणं नाकासमोर येईल असं ठेवा. जाळीची फरशी असेल तर ती झाका, जाड उंदरांच्या तळव्यांना जाळीवर फोड येतात आणि ते महिनोन्महिने भरत नाहीत. (लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर उभा राहून डोकं डावीकडे-उजवीकडे डोलवत असेल तर तो आजारी नाही, त्याला मुळातच कमी दिसतं, अंतराचा अंदाज घेतोय.)

गाठ

माद्यांना स्तनाच्या गाठी खूप होतात, आणि उंदराच्या स्तनग्रंथी मानेखालपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असल्यामुळे गाठ काखेत, कुशीत, कुठेही येते. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण वाढत राहतात. वाटाण्याएवढी असताना काढणं आणि लिंबाएवढी झाल्यावर काढणं यात भूल, रक्त, वय सगळ्याचाच फरक पडतो. "बघू वाढते का" म्हणून थांबायची चूक मी केली. ती वाढलीच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला फोनवर सांगितलं गेलं की रात्रीपासून उपाशी ठेवा. हा कुत्र्या-मांजरांचा नियम. उंदराला उलटी होतच नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाहीये, आणि रात्रभर उपाशी ठेवलं तर एवढ्याशा जिवाची साखर खाली जाते. मी परत फोन करून विचारलं तेव्हा "हो हो, बरोबर, उंदीर आहे ना" असं उत्तर आलं. म्हणून एक्झॉटिक (म्हणजे कुत्रा-मांजर सोडून इतर पाळीव) प्राणी बघणारा डॉक्टर आधीच, उंदीर ठणठणीत असताना, शोधून ठेवा, आणि तरीही प्रश्न विचारा.

उन्हाळा

उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखी धापही टाकता येत नाही, उष्णता बाहेर टाकतो मुख्यतः शेपटीतून. मे महिन्यात दुपारी पिंजरा गॅलरीत ठेवणं म्हणजे संपलंच. आडवा पसरलाय, शेपूट गरम लागतेय, लाळ गळतेय तर शेपटीला आणि पायांना साधं ओलं फडकं लावा आणि लगेच डॉक्टरकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

वेगळा ठेवणं

आजारी आहे म्हणून दुसऱ्या खोलीत एकटा ठेवतो आपण, माणसांची सवय. मायकोप्लाझ्मा तर सोबतच्या उंदराच्याही अंगात आहेच, आणि उंदीर एकटा पडला की खाणं सोडतो. टाके घातले असतील किंवा नवीन आणलेला उंदीर असेल तरच वेगळा. चकली गेल्या पावसाळ्यात गेली तेव्हा शेवटपर्यंत जिरं, माझी दुसरी मादी, तिच्या अंगावर मान टाकून झोपायची.

जिरं आता २६ महिन्यांची आहे. उंदीर दोन-तीन वर्षंच जगतो आणि दुखणं शेवटपर्यंत लपवतो, त्यामुळे मी डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडलंय. दर रविवारी पोह्यांचे कांदे चिरायच्या आधी किचनच्या वजनकाट्यावर स्टीलचा डबा, डब्यात जिरं, आणि आकडा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर. दहा टक्के उतरलं की डॉक्टरला फोन, मग ती कितीही उड्या मारत असू दे. मागच्या रविवारी २७१ होतं, आज २६८. ठीक आहे. एक शेंगदाणा दिलाय.