सल्फेटेड झिर्कोनिया: आम्लता बनवतानाच ठरते

सल्फेटेड झिर्कोनिया म्हणजे सल्फेट चढवलेले झिर्कोनियम ऑक्साइड, तीव्र आम्लाचे काम करणारा घन उत्प्रेरक. तीच रसायने, तेच प्रमाण, तरी एका घाण्याचा उत्प्रेरक ब्युटेनचे आयसोब्युटेन करतो आणि दुसरा ढिम्म. फरक बहुधा धुण्यात किंवा भाजण्यात पडलेला असतो.

झिर्कोनिल क्लोराइड ऑक्टाहायड्रेट ३२ ग्रॅम घेऊन ५०० मिलि पाण्यात विरघळवा. जोराने ढवळत अमोनियाचे द्रावण थेंबथेंब सोडा, सामू ९ ते १० होईपर्यंत. रात्रभर ठेवून गाळा आणि साका (झिर्कोनियम हायड्रॉक्साइड) धूत राहा. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर दुधाळपणा येईनासा झाला की क्लोराइड गेले. इथे कंटाळा केला तर पुढचे सगळे फुकट. ११० अंशांवर वाळवून कुटून घ्या.

आता भट्टीचा मोह टाळा. सल्फेट चढवायचे ते या न भाजलेल्या हायड्रॉक्साइडवर. आधीच भाजून स्फटिक झालेल्या झिर्कोनियावर चढवले, तर तीव्र आम्लता येतच नाही. दर ग्रॅम भुकटीला ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल १५ मिलि या हिशेबाने तासभर ढवळा, गाळा, पण पाण्याने धुऊ नका. सल्फेट निघून जाते. पुन्हा ११० अंशांवर वाळवा.

मग भाजणी: हवेत ६०० अंश सेल्सिअस, ३ तास, तापमान मिनिटाला ५ अंशांनी वाढवत. कमी तापमानावर स्फटिकीकरण अपुरे राहते. ७०० च्या पुढे सल्फेट वायू होऊन उडते आणि आपल्याला पाहिजे तो टेट्रागोनल स्फटिक मोनोक्लिनिककडे झुकतो (ही झिर्कोनियाच्या स्फटिकरचनेची दोन रूपे). (हे वायू घातक, भट्टी धूरकक्षातच हवी.) एक्स-रे विवर्तनाच्या आलेखात ३०.२ अंशांच्या कोनाजवळचे (२θ) शिखर टेट्रागोनलचे, २८.२ आणि ३१.५ ला शिखरे दिसली तर मोनोक्लिनिक आले. भुकटीचा थर किती जाड, हेही नोंदवा. स्फटिक होताना उष्णता सुटते, जाड थरात ती कोंडते आणि आतले तापमान भट्टीच्या आकड्याच्या वर जाते. म्हणून मूस मोठी घेतली की गुण बदलतो.

तयार माल हवेतली ओल झटकन शोषतो. वापरण्यापूर्वी कोरड्या हवेत ४५० अंशांवर दोन तास तापवा.

एस्टर बनवून चाचणी घेत असाल तर अर्ध्यावर उत्प्रेरक गरम असतानाच गाळून काढा. उरलेल्या द्रावात अभिक्रिया तशीच वेगाने चालत राहिली, तर काम घन उत्प्रेरकाचे नाही, त्यातून सुटलेल्या सल्फ्युरिक आम्लाचे आहे.