पहिल्यांदा दिवाणी कोर्टात जाताना: वाटपाच्या दाव्याची तयारी

घरात वाटपाचा दावा लावायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "वकील कोण द्यायचा?" माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, आपल्याकडे कागद काय आहेत. मी एकतीस वर्षं दिवाणी कोर्टात नोकरी केली. आधी आवक-जावक, मग नक्कल विभाग आणि शेवटची बारा वर्षं बेंच क्लार्क म्हणून न्यायाधीशांच्या डायसखाली, म्हणजे त्यांच्या उंच आसनाच्या पुढ्यात. तिथं बसून एक गोष्ट मनावर पक्की कोरली गेली. न्यायाधीश तुमच्या गावाला कधी आलेले नसतात, तुमचे वडील त्यांनी पाहिलेले नसतात, बांध कुणी कोरला हे त्यांना ठाऊक नसतं. त्यांच्यासमोर असते ती फाइल. फाइलीत आलं तेवढंच कोर्टासमोर आलं. त्यामुळे तयारी म्हणजे मुख्यतः फाइलीची तयारी, आणि ती वकिलाकडे जायच्या महिनाभर आधीच सुरू करावी.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा, पण तिथं थांबू नका. सातबारा हा महसुली कागद आहे. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. सातबाऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदींचे, क्रमांक असतात, ते एका वहीत एकाखाली एक उतरवून काढा आणि तलाठी कार्यालयातून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून प्रत्येक फेरफाराची नक्कल मिळवा. आजोबांच्या नावापर्यंत मागे जा. वारसनोंद कोणत्या साली झाली, कुणाची नावं लागली, कुणाची गळली, हे त्या जुन्या फेरफारांतच सापडतं. आठ-अचा उतारा (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा), कुणी काही विकलं असेल तर खरेदीखत किंवा त्याचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा गोषवारा), हक्कसोडपत्र झालं असेल तर त्याची नोंदणीकृत प्रत, मोजणी झाली असेल तर नकाशा, हे सगळं तारखेच्या क्रमानं लावा. "पूर्वीच वाटप झालंय" असं समोरचे म्हणत असतील तर त्याचा काही कागद आहे का, हे आपणच आधी शोधून ठेवावं. तो कागद पहिल्यांदा उलटतपासात दिसला तर आपला साक्षीदार गडबडतो.

मग एका कोऱ्या कागदावर वंशावळ काढा. मूळ पुरुष, त्याची मुलं, त्याच्या मुली, कोण हयात, कोण वारलं, कोणत्या तारखेला. मुली गाळू नका. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पक्षकारांनी आणलेल्या किती तरी वंशावळींत आत्यांचा पत्ताच नसायचा. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आहे, आणि २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मुलीचा सहहिस्सेदार म्हणून हक्क जन्मानंच आहे. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही. वाटपाच्या दाव्यात एकही हिस्सेदार सुटला तर "आवश्यक पक्षकार सामील नाही" हा आक्षेप येतो आणि वर्षं फुकट जातात.

वंशावळीतल्या प्रत्येकाचा आजचा पूर्ण पत्ता घ्या. घर नंबर, गल्ली, जवळची खूण, पुण्या-मुंबईत असेल तर सोसायटी आणि फ्लॅट नंबर. हे किरकोळ वाटतं, पण दावे सर्वांत जास्त अडकतात ते इथंच. समन्स निघतं, बेलिफ जातो आणि शेरा येतो, "दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही". पुन्हा भत्ता, म्हणजे समन्स बजावायचा खर्च, भरा, पुन्हा समन्स काढा, पुन्हा दीड-दोन महिन्यांची तारीख. समन्स बजावणीविना परत आलं तर सात दिवसांच्या आत नव्यानं समन्स काढायचा अर्ज द्यावा लागतो. ते न केल्यास दावा निकाली निघू शकतो. प्रत्येक तारखेनंतर वकिलांना एवढं विचारत जा, "भत्ता भरला का? समन्स निघालं का?"

आता कोर्ट कोणतं. तालुक्याला बहुधा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर असतात आणि तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. म्हणजे सकाळी ज्यांच्यासमोर पोलिसांनी आरोपी रिमांडसाठी उभा केला, तेच साहेब दुपारी तुमच्या बांधाची साक्ष नोंदवतात. मोठ्या मूल्यांकनाचे दावे वरिष्ठ स्तराकडे जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. दिवाणी काम करताना ते जिल्हा न्यायाधीश आणि खुनासारखा खटला चालवताना सत्र न्यायाधीश. जिल्ह्यातल्या न्यायाधीशांमध्ये कामाची वाटणी तेच करतात, आणि या सगळ्यांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. घटनेच्या अनुच्छेद २३५ मध्ये ते लिहिलेलं आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा आमदारांचा इथं काही संबंध नाही. कुणी "वरून सांगतो" म्हणालं तर त्याला चहाही पाजू नका. कनिष्ठ स्तराचे न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात आणि भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमीत प्रशिक्षण घेतात. दर तीनेक वर्षांनी त्यांची बदली होते. तुमचा दावा एका साहेबांसमोर सुरू होऊन दुसऱ्यांसमोर साक्षीला येईल आणि निकाल तिसरेच देतील, ही शक्यता धरूनच चाला. नव्या साहेबांना तुमचा चेहरा आठवत नाही, ते फाइल वाचतात. पुन्हा फाइलच.

न्यायाधीशांना घरी, चेंबरमध्ये किंवा फोनवर गाठायचा प्रयत्न कधीही करू नका, ओळखीचे असले तरी. आमच्या एका साहेबांनी दूरच्या नात्यातला पक्षकार निघाला म्हणून ते प्रकरण स्वतःहून दुसऱ्या कोर्टाकडे पाठवायला लिहिलं. ते तालुक्यात कुणाच्या लग्नालाही जात नसत. असं एकटं राहणं त्या खुर्चीचा भाग आहे. आपण त्याचा मान राखावा.

पैशाची अडचण असेल तर वकिलाविना राहू नका. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, तुरुंगातले कैदी यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. फोनवरून विचारायचं तर १५१०० हा क्रमांक आहे. वकीलपत्रावर सही करताना मात्र मोकळ्या मनानं सगळं सांगा, आपल्या विरुद्ध जाणारं आधी.

दावा दाखल झाला की दाव्याला निशाणी १ पडते (निशाणी म्हणजे फाइलीतल्या कागदाचा क्रमांक) आणि तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकालापर्यंत जमीन विकण्यासारखं काही करू नये असा, अर्ज बहुधा निशाणी ५ ला असतो. कोर्टाच्या आवारात "पाचचं काय झालं?" असं विचारलेलं ऐकाल, ते हेच. कुणी जमीन विकायच्या तयारीत असेल तर या अर्जासाठी त्याचा पुरावा हाताशी हवा: इसारपावती, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, जमिनीवर उभ्या केलेल्या खांबांचे तारखेसह फोटो. तुम्ही प्रतिवादी असाल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते, कोर्टानं कारण नोंदवून मुदत वाढवली तरी ९० दिवसांपर्यंत. समन्स मिळाल्याची तारीख त्या कागदावरच पेनानं लिहून ठेवा. समन्स घ्यायचं टाळल्यानं दावा थांबत नाही. दारावर डकवलं जातं आणि काम एकतर्फी पुढं जातं.

दाव्याचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक वकिलांकडून मागून घ्या. महाराष्ट्रातला क्रमांक एमएच या अक्षरांनी सुरू होतो, शेवटी वर्ष असतं. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश घरबसल्या दिसतात. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरा-पोरीला हे काम सोपवा.

तारखेच्या दिवशी साडेदहाला आवारात असा. साधे स्वच्छ कपडे पुरेत. बोर्डावर आपला नंबर पाहा, कोर्टात शिरायच्या आधी मोबाइल बंद करा आणि दाराच्या आसपास राहा, कारण शिपाई पुकारा देतो तो मोठ्यानं देतो पण फार वेळा देत नाही. एक गृहस्थ झेरॉक्स काढायला फाटकाबाहेर गेले होते. तेवढ्यात पुकारा झाला, त्यांचे वकील दुसऱ्या कोर्टात होते, समोरचे हजर होते, आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला गेला. धापा टाकत आले तेव्हा पुढचं प्रकरण सुरू झालं होतं. अशा वेळी ३० दिवसांच्या आत दावा पुन्हा नोंदीवर घेण्याचा अर्ज देता येतो. त्यांनी तो दिला, मंजूरही झाला, पण त्यात सात महिने गेले.

साक्षीच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. सरतपास, म्हणजे साक्षीदाराची आपल्या बाजूची मूळ साक्ष, आता शपथपत्रावर होतो. वकिलांनी तयार केलेलं शपथपत्र सही करण्यापूर्वी घरी नेऊन दोनदा वाचा, वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर शपथ देतात. देवाची शपथ नको असेल तर प्रतिज्ञेवर सांगता येतं. न्यायाधीशांना "साहेब" म्हटलेलं चालतं. कोर्टाची भाषा मराठी आहे, १९९८ च्या अधिसूचनेनं ती खालच्या कोर्टांसाठी ठरलेली आहे, तेव्हा प्रश्न इंग्रजीत आला किंवा कळला नाही तर "साहेब, समजलं नाही" म्हणायला अजिबात संकोचू नका. उत्तर वकिलांकडे बघून देऊ नका, डायसकडे बघून द्या. साहेब तुमचं उत्तर ऐकून टंकलेखकाला सांगतात आणि तेच कागदावर जातं. म्हणून सावकाश बोला आणि टायपिंगचा आवाज थांबला की पुढचं बोला. माहीत नसेल तर "माहीत नाही", आठवत नसेल तर "आठवत नाही". दोन्ही वेगळी उत्तरं आहेत, एकाच्या जागी दुसरं देऊ नका. समोरचे वकील शेवटी म्हणतील, "तुम्ही खोटा दावा लावलाय". चिडू नका, आपल्या अशिलाचं म्हणणं तुमच्यासमोर मांडणं हे त्यांचं कामच आहे. "हे म्हणणं खरं नाही" एवढंच सांगा.

एका दाव्यात साठीच्या बाई साक्षीला उभ्या होत्या, भावाविरुद्ध. वकिलांनी विचारलं, "लग्नानंतर तुम्ही कधी त्या शेतात कामाला गेला नाहीत, बरोबर?" बाई म्हणाल्या, "कामाला कशाला जाईन, भाऊ होता की." आणि मग अगदी हळू, पदर सावरत, "पण दरवर्षी ज्वारीचं पोतं यायचं घरी." तोवर पुढचा प्रश्न सुरू झाला होता. कागदावर आलं, "लग्नानंतर मी वादातील शेतात कामास गेले नाही हे खरे आहे." पोतं आलं नाही. साक्ष संपल्यावर जबाब वाचून दाखवला गेला. बाई ऐकत नव्हत्या, मागच्या बाकावर बसलेल्या भावाकडे बघत होत्या. मान हलवली, अंगठा दिला. ते पोतं म्हणजे भावानं तिचा हिस्सा वर्षानुवर्षं मानल्याची खूण होती. मी तीन फुटांवर बसलो होतो, मला ऐकू आलं होतं, आणि साक्षीत तोंड घालायचा मला अधिकार नव्हता. त्या वेळी त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं, "साहेब, पोत्याचं लिहायचं राहिलं." साहेबांनी ते नक्की घेतलं असतं. त्यांच्या वकिलांनाही फेरतपासात, म्हणजे उलटतपासानंतर पुन्हा, विचारता आलं असतं. जबाब वाचून दाखवतात तेव्हा दुसरीकडे कुठंही बघू नका, शब्द न् शब्द ऐका.

मधल्या काळात लोकअदालतीची नोटीस आली तर जा. तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी कुठल्या गटातलं किती क्षेत्र, कुठल्या दिशेचं, विहिरीचं पाणी कसं, वहिवाटीची वाट कुठून, हे सगळं तडजोडपत्रात लिहिलंय का ते बघा. "नंतर बघू" असं काही त्यात ठेवू नका.

वाटपाच्या दाव्यात निकालानं काम संपत नाही. आधी प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे निकालानुसारचा कोर्टाचा आदेश, होतो, कुणाचा किती हिस्सा एवढाच. शेतसारा लागू असलेली जमीन असेल तर प्रत्यक्ष सरसनिरस (चांगली-हलकी जमीन बघून) वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, म्हणजे कागद पुन्हा महसूल खात्याकडे जातात. घर किंवा प्लॉट असेल तर कोर्ट कमिशनर मोजमाप करतो आणि मग अंतिम हुकूमनामा होतो. निकाल लागला त्याच दिवशी, जिंकलात तरी, निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्हींच्या नकलेचा अर्ज द्या. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज दिला असेल तरच. नकलेवर अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि दिल्याची तारीख असे तीन शेरे असतात, ते खिडकीवरच तपासून घ्या.

आणि प्रत्येक तारखेला, अगदी काही काम झालं नाही त्या दिवशीसुद्धा, कोर्टातून निघण्याआधी रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या नोंदीत, आज काय लिहिलं गेलं ते वकिलांना विचारा: कोण हजर, कुणी मुदत मागितली, पुढची तारीख कशासाठी. ते तीन शब्द आपल्या वहीत तारखेसमोर उतरवा आणि घरी आल्यावर वही सातबाऱ्यांच्या त्याच पिशवीत ठेवा.